चार रविवार, पौलाचे दोस्त आणि पाणचट चहा

पुण्याच्या कॅम्पातल्या एका चर्चच्या हॉलमध्ये चार रविवारचा वर्ग केला, विषय सुरुवातीच्या काळातले ख्रिस्ती लोक आणि त्यांची आपसातली मैत्री, फी ४०० रुपये. मी ख्रिस्ती नाही, ऑफिसमधली मैत्रीण म्हणाली चल गं, बोअर झालं तर एमजी रोडला फिरू, म्हणून गेले.

तक्रारी आधी उरकते. पार्किंग शून्य. नोट्सच्या झेरॉक्स एवढ्या फिकट की अर्धं अंदाजाने वाचायचं. दुसऱ्या रविवारी प्रोजेक्टर बंद पडला तो बंदच.

पण शिकवणाऱ्या मॅडम! कुणालाही देव्हाऱ्यात बसवत नाहीत. पहिला अख्खा रविवार अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या नवराबायकोवर. रोमच्या क्लौद्य बादशहाने यहुद्यांना रोममधून हाकललं तेव्हा हे दोघं ग्रीसमधल्या करिंथला आले, धंदा राहुट्या शिवायचा, पौल म्हणजे गावोगाव फिरणारा ख्रिस्ती प्रचारक, त्याचाही तोच, मग काय पौल त्यांच्याचकडे राहिला आणि सोबत कामाला बसला. पुढे रोममधल्या ख्रिस्ती लोकांना पत्र लिहिताना त्याने आठवणीने लिहिलं की या दोघांनी माझ्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घातला. मंडळी जमायची तीही त्यांच्याच घरी.

भांडणंसुद्धा लपवली नाहीत. मार्क नावाच्या साथीदाराला प्रचाराच्या दौऱ्यावर सोबत न्यायचं की नाही यावरून पौल आणि त्याचा जोडीदार बर्णबाचं एवढं वाजलं की दोघं दोन दिशांना गेले. आणि अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र आधी यहुदी नसलेल्यांच्या पंगतीत जेवायचा, पण यरुशलेमहून तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसं आल्यावर हळूच बाजूला सरकला, तर पौलाने त्याला तोंडावर सुनावलं. इथे मी मैत्रिणीला कोपर मारलं, कारण हे तर आपलं पंचहौद झालं ना, १८९० मध्ये पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये ख्रिस्ती लोकांकडे चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांवर ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकायची नाहीतर प्रायश्चित्त घ्यायला लावायची कारवाई, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण! मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, मी तिथेच येणार होते, तुम्ही आधी पोचलात.

करिंथच्या प्रीतिभोजनाचं, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या एकत्र जेवणाचं, ऐकून तर हसूच आलं, काहीजण आधी ताव मारून पिऊन टुन्न, बाकीचे उपाशी, पौल जाम वैतागलेला. आमच्या सोसायटीचं कोजागिरीला डिट्टो हेच होतं.

एक खटकलं ते म्हणजे पर्पेतुआ आणि फेलिसिती शेवटच्या दहा मिनिटांत गुंडाळल्या. इसवी सन २०३, उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज, एक खानदानी घरातली तान्ह्या बाळाची आई, दुसरी गुलाम बाई जी तुरुंगातच बाळंत झाली, दोघी ख्रिस्ती म्हणून एकाच दिवशी आखाड्यात मारल्या गेल्या. यावर अजून एक रविवार घ्या की! मी वेगळे शंभर द्यायला तयार आहे.

वर्ग संपल्यावर सगळ्यांना चहा-खारी. खारी मस्त, चहा पाणचट, तरी दोन कप प्यायले आणि प्रायश्चित्त घेतलेलं नाही. पाचपैकी चार स्टार. रिक्षाने जा आणि पुढे बसा, मागे पंख्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही.