कॉम्प्सोग्नाथसचा जुळणीचा सांगाडा: पोटातल्या सरड्यासकट

क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूच्या गल्ल्यांत डायनासोरचा सांगाडा मागितला की बहुतेक वेळा टी-रेक्सच पुढे येतो. त्यामुळे कोंबडीएवढ्या कॉम्प्सोग्नाथस या डायनासोरचा हा एमडीएफचा (लाकडाचा बारीक भुसा दाबून केलेल्या फळीचा) संच दिसला तर सोडू नका. जर्मनीतला मूळ नमुना सुमारे 89 सेंटीमीटर लांब आहे, हा बरोबर त्याच्या निम्मा.

संचाचं खरं मोल एका बोटभर तुकड्यात आहे. बरगड्यांच्या आत बसवायचा सरडा! मूळ जीवाश्मात तो तिथेच आहे. 1881मध्ये जीवाश्मतज्ज्ञ मार्श यांना तो पोटातला गर्भ वाटला होता. 1903मध्ये दुसरे जीवाश्मतज्ज्ञ नोप्चा यांनी तो खाल्लेला सरडा असल्याचं दाखवलं. 1978मध्ये जीवाश्मतज्ज्ञ ऑस्ट्रॉम यांनी त्याचे लांब पाय पाहून अनुमान काढलं की असा चपळ सरडा पकडायचा तर शिकाऱ्याची नजर आणि पाय दोन्ही तेज हवेत. फ्रान्समध्ये सापडलेल्या दुसऱ्या नमुन्याच्या पोटातही लहान सरपटणारे प्राणीच मिळाले. खोक्यावर मात्र 'कळपाने मोठी शिकार करणारा' असं छापलंय. त्याला काडीचा पुरावा नाही, मुलांना तसं सांगू नका.

हा सरडा डाव्या बरगड्या लावण्याआधी बसवा. माहितीपत्रकात तो शेवटी दिलाय, आणि तेव्हा हात आत जातच नाही; ओढाताणीत तिसरी-चौथी बरगडी हमखास मोडते.

मुंबईच्या पावसाळ्यात एमडीएफ दमट हवेने फुगतो, 3 मिलिमीटरच्या खाचा घट्ट होतात. ठोकू नका, कडेचे थर सुटतात. 120 नंबरचा सँडपेपर घडी करून खाचेत दोन-तीनदा फिरवला की पुरे. लेझरने कापलेल्या कडांवरची काजळी आधी कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर फेविकॉल नीट धरत नाही. आधी गोंदाशिवाय सगळं जुळवून बघा. शेपटीचा सांधा सैल आहे, तिथे कागदाची पट्टी घालून चिकटवा. शेपूट आडवी राहिली तरच सांगाडा दोन पायांवर तोल धरतो.

दोन चुका आहेत. हाताला दोनच बोटं दिलीत. पूर्वी तसंच मानत, पण नंतरच्या अभ्यासात तीन दिसली; तुकडे काढून उरलेल्या एमडीएफच्या चौकटीतून तिसरं, बारीकसं बोट कापून लावता येतं. दात सगळे एकसारखे आहेत, खरे पुढचे गुळगुळीत आणि मागचे जास्त बाकदार, दातेरी होते. या मापात ते चालून जाईल.

नऊ-दहा वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाच्या मदतीने दोन तास लागतील. गोंद सुकायला एक रात्र द्या, पावसाळ्यात दोन.