जुन्या दुखण्यासाठी पेन मॅनेजमेंट प्रोग्रॅम केला, त्याबद्दल

कंबरदुखीसाठी ऑनलाइन पेन मॅनेजमेंट प्रोग्रॅम केला त्याबद्दल लिहितेय, कारण "सगळं तुझ्या मनाचे खेळ आहेत" हे ऐकून ऐकून वैतागलेले बरेच जण असतील. इथे तसं कुणीच म्हणालं नाही, मला तर तेवढ्यानेच भरून आलं. सायकॉलॉजिस्ट मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं की दुखणं खरंच आहे, पण 3 महिन्यांच्या वर टिकलं की बऱ्याचदा नर्व्हस सिस्टीमच जास्त संवेदनशील होऊन बसते आणि मग भीती, टेन्शन, अपुरी झोप सगळं त्यात भर घालतं. 1965 सालची मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांची गेट कंट्रोल थिअरी पण समजावली, म्हणजे मेंदूकडून खाली येणारे सिग्नल मज्जारज्जूतच वेदना कमी-जास्त करू शकतात.

सगळ्यात कामाचं निघालं ते पेसिंग, म्हणजे थांबत थांबत, बेताने काम करणं. जरा बरं वाटलं की सगळी कामं उरकायची आणि मग आडवं पडून राहायचं, हे चक्र तोडायचं. भांडी घासताना टायमर लावायचा, दुखायला लागायच्या आधीच थांबायचं, थोडं बसायचं, मग परत उठायचं. आधी फार चिडचिड होते, पण नेटाने करा, आता ओटा आवरूनही मला संध्याकाळी बसवतं.

ग्रुप सेशनमध्ये माणसं फार, बोलायला वेळच मिळत नाही, हे मात्र सुधारायला हवं. रिलॅक्सेशनचे ऑडिओ ठीकठाक. दुखणं पूर्ण जाईल असं आश्वासन ते देत नाहीत, आणि चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका हे स्पष्ट सांगतात, त्यामुळे माझा विश्वास बसला.