रॉडचा हात आणि आर्गन : आठ महिन्यांच्या वापरानंतर

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसी भागात मी अकरा वर्षे रॉडचे (वितळत जाणाऱ्या धातूच्या कांडीचे) आणि त्यांतील चार वर्षे सीओटूचेही (कार्बन डायऑक्साइडच्या आवरणात तार वितळवण्याचे) वेल्डिंग केले आहे. डाईंगच्या कारखान्यांतून स्टेनलेसच्या टाक्या आणि पाइपांची कामे येऊ लागली, म्हणून आठ महिन्यांपूर्वी २०० अँपिअरचे, फक्त डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह देणारे टिग मशीन घेतले. टिगमध्ये हातातल्या टॉर्चमधील टंगस्टनच्या टोकाशी आर्क, म्हणजे विजेची प्रखर ज्योत पेटते, तिच्याभोवती आर्गन वायूचे आवरण असते आणि भरणीची तार दुसऱ्या हाताने द्यायची असते. आपल्याकडे यालाच सगळे ‘आर्गन’ म्हणतात.

पंधरा दिवसांत हात बसेल हा माझा अंदाज साफ चुकला. ७०१८ प्रकारचा रॉड पॉझिटिव्हला लावतात, त्या सवयीने पहिल्याच दिवशी टॉर्चही पॉझिटिव्हला जोडली आणि टंगस्टनच्या टोकाचा क्षणात गोळा झाला. टिगमध्ये स्टेनलेससाठी टॉर्च निगेटिव्हला लावावी लागते, कारण तेव्हाच उष्णतेचा मोठा वाटा टंगस्टनऐवजी जॉबमध्ये, म्हणजे जोडायच्या धातूत उतरतो. ही चूक एकदाच झाली. दुसरी मात्र दोन महिने पिच्छा पुरवत होती. रॉड जळत आखूड होत जातो, त्यामुळे हात नकळत खाली सरकत राहतो. टंगस्टन तसे झिजत नाही, पण माझा हात सवयीने खाली जाई, टोक वितळलेल्या धातूत बुडे आणि मला पुन्हा ग्राइंडरकडे जावे लागे. टोक लांबीच्या दिशेने घासायचे असते, आडवे घासल्यास आर्क भरकटतो, हेही त्याच फेऱ्यांमध्ये कळले.

आश्चर्य म्हणजे, रॉडच्या अकरा वर्षांपेक्षा आयटीआयमध्ये शिकलेले आणि नंतर विसरलेले गॅस वेल्डिंग अधिक उपयोगी पडले, कारण एका हाताने ज्योत आणि दुसऱ्या हाताने तार सांभाळण्याची रीत तीच आहे.

उन्हाळ्यात खरी परीक्षा झाली. पारा चाळिशीच्या वर असताना पंखा बंद ठेवणे जिवावर येत होते, आणि पंखा चालू असला की आर्गनचे आवरण उडून जोडात छिद्रे पडत. म्हणून मी गॅस मिनिटाला १८ लिटरपर्यंत वाढवला, तर परिणाम आणखी बिघडला, कारण वेगाने सुटलेला गॅस घुसळून बाहेरची हवा आत ओढतो. आता मी पत्र्याचा आडोसा लावून ८ लिटरवर काम करतो. त्या हिशेबाने ७ घनमीटरचे सिलिंडर प्रत्यक्ष आर्कचे साडेचौदा तास पुरायला हवे, पण आर्कआधी आणि नंतर सुटणारा गॅस धरता थोडे कमीच पुरते.

३०४ प्रकारच्या स्टेनलेसच्या पाइपाला आतूनही आर्गन भरावा लागतो, अन्यथा बाहेरून सोनेरी दिसणारा जोड आतून काळा व दाणेदार होतो. या दोषाला इंग्रजीत ‘शुगरिंग’ म्हणतात. साखर कारखान्यांच्या आपल्या जिल्ह्यात एवढी एकच साखर कोणाला नको असते.

मशीनबद्दल तक्रार एकच, आणि तीही माझ्या निवडीची आहे. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर दोन हजार अंशांच्याही वर. तो फोडण्यासाठी एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा वीजप्रवाह लागतो, आणि माझे मशीन फक्त डीसी देते. त्यामुळे ॲल्युमिनियमचे काम घेऊन येणाऱ्यांना परत पाठवावे लागते. जाड अँगल आणि गेटची कामे मात्र मी आजही रॉडनेच करतो.