चिखलाची बॅटरी: किट घ्यावं का?

इचलकरंजीत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. सातवीतल्या पोरीने विज्ञान प्रदर्शनासाठी ‘चिखलातून वीज’चं किट ऑनलाइन मागवायला लावलं, तेव्हा आधी हसलोच. २,२०० रुपये, आणि आत काय? एक डबा, काळ्या ग्राफाइट फेल्टच्या दोन चकत्या, वायरी, छोटा बोर्ड, कपॅसिटर, लाल एलईडी. चिखल आपला आपण आणायचा!

पंचगंगेच्या काठचा काळा, वास मारणारा गाळ आणला. एक चकती गाळात खोल दाबली, दुसरी वर उघड्यावर ठेवली. पहिल्या दिवशी मीटरवर ०.०३ व्होल्ट. चौथ्या दिवशी ०.२१. नवव्या दिवशी ०.५८, आणि एलईडी मिचकला. कारागीर हातातलं कॉइल ठेवून बघायला आले.

गाळात हवा नसते. तिथले जिओबॅक्टर जीवाणू खाण्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन पेशीबाहेर काढून मातीतल्या लोहाला देतात. इथे लोहाऐवजी आपली चकती. १९८७ साली अमेरिकेत पोटोमॅक नदीच्या गाळातल्या अशा जीवाणूवर डेरेक लव्हली यांनी संशोधन प्रसिद्ध केलं. या जीवाणूंची स्वतःची वायरसुद्धा असते: आत हीमची (लोह असलेल्या रेणूंची) रांग, वरून प्रथिनाचं वेष्टन. आम्ही तांब्याच्या तारेवर इनॅमलचा वीजरोधक थर बघतो, तसंच की!

ताकद मात्र बेताची. बोर्ड काढून एलईडी थेट लावला, तर ढिम्म. लाल एलईडीला पावणेदोन व्होल्टच्या आसपास लागतात. शिवाय लोड दिला की व्होल्टेज बसतं, संपत आलेल्या सेलसारखं. बोर्ड ते वाढवून कपॅसिटरमध्ये साठवतो, म्हणून अधूनमधून मिचकतो एवढंच.

आता तक्रार. खालच्या चकतीच्या वायरीचा क्रिंप, म्हणजे दाबून बसवलेला जोड, ढिला होता. मी दाबून घट्ट केला, पण ज्याच्याकडे पक्कड नाही त्याने काय करायचं? माहितीपत्रक फक्त इंग्रजीत. आणि वरची चकती पाण्यात बुडवू नका हे त्यात कुठेच ठळक नाही. गाळ सुकला म्हणून मी तांब्याभर पाणी ओतलं, दुसऱ्या दिवशी ०.१४! वरच्या चकतीला हवेतला ऑक्सिजन लागतो. पाणी काढलं, दोन दिवसांत गाडी रुळावर.

मीटर घरात असेल तरच घ्या, नाहीतर आठवडाभर नुसता चिखल बघत बसाल. आणि प्रदर्शनाच्या तीन आठवडे आधी मागवा.