फ्रूट्स बास्केट की नाना?

शोजो मांगा, म्हणजे मुलींसाठीची जपानी चित्रकथा, पहिल्यांदाच हातात घेणाऱ्याला मी आधी नात्सुकी ताकाया यांचं ‘फ्रूट्स बास्केट’ देईन. २३ खंड, १९९८ ते २००६, आणि गोष्ट पूर्ण. आई गेल्यावर तंबूत राहणारी तोहरू सोमा घराण्यात येते. तिथल्या शापित माणसांना विरुद्ध लिंगाच्या कुणी मिठी मारली की त्यांचे प्राणी होतात. सुरुवातीला हा विनोद ताणलाय, खरं सांगायचं तर कंटाळाच येतो. पण ओनिगिरीचा, म्हणजे भाताच्या जपानी गोळ्याचा, प्रसंग बघा. उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, ओनिगिरीच्या पाठीला चिकटलेलं असतं, म्हणून स्वतःला दिसत नाही, दुसऱ्याला दिसतं. माणसाच्या चांगुलपणाबद्दल इतक्या साध्या चित्रातून बोलणं सोपं नाही. शेवटी मात्र जो तो जोडीला लावून दिलाय, आणि सोमा घराण्याच्या क्रूर प्रमुखाला, अकितोला, माफी फारच स्वस्तात मिळते.

लेखिका आइ याझावा यांचं ‘नाना’ वेगळ्याच जातीचं. टोकियोच्या गाडीत भेटलेल्या, एकाच नावाच्या दोन विशीतल्या मुली ७०७ नंबरच्या खोलीत राहतात. त्यांचे कपडे, सिगारेटी, स्ट्रॉबेरीचे ग्लास, सगळं हाताला लागेल इतकं खरं. त्यांतली एक, टोपणनाव हाची, चुका करते तेव्हा राग येतो, आणि त्या आपल्याही असू शकतात म्हणून जास्तच येतो. रेखाटनात याझावा सरस, यात वाद नाही.

अडचण एकच, पण मोठी: लेखिकेच्या आजारपणामुळे २००९ पासून मालिका २१ खंडांवर थांबलीय. तरीही मी परत उघडते ती ‘नाना’च.