मंदीच्या बातम्या ऐकायच्या की निफ्टीची रेघ पाहायची?

हाताशी एकरकमी पैसा आहे, पीएफचा म्हणा, बोनसचा म्हणा किंवा डोंबिवलीचं जुनं घर विकून आलेला, आणि पेपर उघडला की नोकरकपात, घसरता रुपया, परदेशी संस्थांची विक्री. नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीत दर काही महिन्यांनी कुणी ना कुणी विचारतंच, आता बाजारात जावं का? याचं उत्तर शोधायच्या दोन पद्धती मी बरीच वर्षं वापरल्या आहेत. एक म्हणजे अर्थव्यवस्थेच्या बातम्या वाचून ठरवायचं. दुसरी, बातम्या बाजूला ठेवून भाव कुठे चाललाय तेवढंच पाहायचं. चार्ट कसा उघडायचा, डिमॅट म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

बातमीवाली पद्धत पटायला सोपी आहे. कारण कळतं, घरात समजावून सांगता येतं. अडचण वेळेची. जीडीपीचा, म्हणजे देशाच्या एकूण उत्पादनाचा आकडा तिमाही संपल्यावर साधारण दोन महिन्यांनी येतो आणि पुढे त्यात दुरुस्त्याही होतात. बाजार तोवर पुढच्या तिमाहीचा हिशेब मांडून मोकळा झालेला असतो. आकडा म्हणजे वरातीमागून घोडं.

पण बातम्या सोडून रेघेकडे वळायचा माझा निर्णय या उशिरामुळे झाला नाही. मला खरा जाच झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. वाईट बातमी 'बाहेर पड' असं सांगते, परत कधी यायचं ते मात्र कधीच सांगत नाही. आमच्या मजल्यावरचे एक काका बँकेतून निवृत्त झालेले, ताळेबंद वाचण्यात माझ्यापेक्षा कितीतरी पुढे. मार्च २०२० मध्ये त्यांनी सगळं विकलं, आणि त्या दिवसांत ते चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. २३ मार्चला निफ्टी, म्हणजे पन्नास बड्या कंपन्यांच्या शेअरचा निर्देशांक, एका दिवसात १३ टक्के कोसळून ७,६१० वर बंद झाला होता. काकांनी ठरवलं, जीडीपी प्लसमध्ये आला की पुन्हा घेऊ. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! ३१ ऑगस्टला आकडा आला उणे २३.९ टक्के. नोव्हेंबरअखेर आला उणे ७.५, म्हणजे सलग दोन तिमाह्या उणे, पुस्तकी व्याख्येने मंदीवर शिक्कामोर्तब. अधिक चिन्ह दिसलं ते थेट २६ फेब्रुवारी २०२१ ला, ०.४ टक्के. त्या दिवशी बाजार जोरात पडला होता, तरी निफ्टी १४,५२९ वर होता.

आता तोच काळ रेघेवर पाहा. माझी रेघ म्हणजे निफ्टीच्या मागच्या २०० दिवसांच्या बंद भावांची सरासरी, आणि ती पाहायची फक्त शुक्रवारी. साडेतीनला बाजार बंद झाला की निफ्टीचा बंद भाव आणि ही सरासरी, असे दोन आकडे वहीत लिहितो. भाव वर असेल तर पैसे इंडेक्स फंडात, म्हणजे निफ्टीचेच शेअर घेणाऱ्या फंडात; खाली असेल तर लिक्विड फंडात, म्हणजे शेअरपासून लांब, अल्पमुदतीच्या कर्जरोख्यांत. आठवड्याचं काम एवढंच. फेब्रुवारी २०२० च्या शेवटच्या शुक्रवारी निफ्टी ११,२०१ वर बंद झाला, रेघेच्या बराच खाली. पुन्हा रेघेवर आला तो जुलैत, अकरा हजारांच्या आसपास. म्हणजे विक्री आणि खरेदी जवळपास एकाच भावाला. नफा असा काही झाला नाही, पण मधली घसरण अंगावर आली नाही आणि पुढच्या तेजीत पैसे आत होते. हे जुलैत, कोविडचे आकडे रोज वाढत असताना आणि उणे २३.९ जाहीर व्हायच्या आधी. बातम्या वाचून तेव्हा खरेदीचं बटण दाबायला माझा तरी हात धजावला नसता.

उलट दिशेलाही बातमीच्या उशिराचा हाच अनुभव. सप्टेंबर २०२४ मध्ये निफ्टीने २६,२७७ चा उच्चांक गाठला आणि तिथून घसरण सुरू झाली. विकासदर ५.४ टक्क्यांवर आल्याची बातमी आली २९ नोव्हेंबरला. बंद भाव तोवर २४,१३१ झाला होता.

रेघेची खोड लपवत नाही. बाजार आडवा चालतो तेव्हा ती छळते. नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात निफ्टी रेघेच्या खाली गेला, वर आला, पुन्हा खाली, पुन्हा वर. दर वेळी आत-बाहेर करायचं म्हणजे खर्च, आणि वर्षाच्या आत विकून नफा झाला तर जुलै २०२४ पासून त्यावर २० टक्के कर. रोज पाहणाऱ्याला हा त्रास आणखी होतो, म्हणून मी शुक्रवारवर अडून बसलो आहे. शिवाय तळाला खरेदी आणि शिखरावर विक्री या पद्धतीत कधीच होत नाही. ज्याला तेच हवंय त्याने इकडे फिरकू नये.

एका ठिकाणी मात्र मी बातमीलाच मान देतो. एखाद्या कंपनीचा शेअर घेतला असेल आणि ऑडिटरने अचानक राजीनामा दिला किंवा प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांनी, गहाण ठेवलेले शेअर वाढले, तर चार्टची वाट पाहू नये. दुसऱ्या दिवशी भाव लोअर सर्किटलाच, म्हणजे एका दिवसात पडायची जी मर्यादा असते तिथेच, उघडू शकतो, आणि मग विकायला गिऱ्हाईक सापडत नाही. पण त्या कंपनीच्या बातम्या झाल्या. देशाचं कसं होणार याच्या बातम्या मी आजही रोज वाचतो, पण त्यावरून फंड हलवत नाही.

तुमचा स्वभाव वेगळा असेल, मला सोसलं ते तुम्हाला सोसेलच असं नाही. कारण कळल्याशिवाय ज्यांना झोप लागत नाही त्यांनी बातम्यांवर चालावं, फक्त बाहेर पडायच्या दिवशीच परत यायची अट वहीत लिहून ठेवावी, आणि ती भावाची असावी, जीडीपीची नको. महिन्याची एसआयपी चालू असेल तर तिला यातल्या कुठल्याच पद्धतीने हात लावू नका. माझीही सगळ्या काळात चालूच होती. रेघ लावतो ती फक्त एकरकमी पैशाला.