चिठ्ठी नाही तर गोळी नाही! आमच्या कॉलनीतल्या मेडिकलचा रिव्ह्यू (४/५)

खरं सांगतो, पहिल्या रात्री मी ह्यांना १ स्टार देणार होतो. आईला लघवीला जळजळ, अंगात कणकण, साडेनऊ वाजलेले, दवाखाना बंद, आणि मागच्या वेळी सेफिक्झिम नावाच्या अँटिबायोटिकने बरं वाटलेलं म्हणून जुनं रिकामं पाकीट घेऊन गेलो तर काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या चिठ्ठी दाखवा. म्हटलं अहो मॅडम, चारच गोळ्या द्या, सकाळी चिठ्ठी आणतो. नाही म्हणजे नाही! वर पाकिटावरची लाल चौकट दाखवली. म्हणे हे शेड्यूल एच वनचं, म्हणजे जास्त कडक नियमांच्या सरकारी यादीतलं औषध, २०१४ पासून नियम आहे, डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या दिल्या ते सगळं वेगळ्या रजिस्टरला लिहायचं आणि ते रजिस्टर ३ वर्षं ठेवायचं.

मी तणतणत पुढच्या चौकात गेलो (त्या दुकानाचं नाव घेत नाही), तिथे दोन मिनिटात पट्टी कापून चार गोळ्या हातात, बिल नाही काही नाही.

दोन दिवस ताप हटला नाही मग डॉक्टरांकडे. ते माझ्यावरच उखडले, आधी गोळ्या दिल्या आता कल्चरचा (लघवीत कुठले जंतू आणि कुठलं औषध चालेल त्या तपासणीचा) रिपोर्ट नीट येईल का म्हणे. आला तरी तीन दिवसांनी, आणि सेफिक्झिमसमोर सरळ 'आर', म्हणजे रेझिस्टंट, जंतूंना ते औषध लागूच पडत नाही. शेवटी इंजेक्शनं घ्यावी लागली.

नवीन चिठ्ठी घेऊन परत ह्याच मेडिकलला गेलो, जरा मान खाली घालूनच. मॅडमनी रजिस्टरला नोंद केली, कोर्स पूर्ण करा असं आईला फोनवर सांगितलं पण. गप्पांत म्हणाल्या रोज चारपाच गिऱ्हाईकं अशी परत जातात, ती सगळी त्या चौकात. आता मला सांगा, जंतू असे औषधांना दाद देईनासे होऊ नयेत म्हणून केंद्राचा ॲक्शन प्लॅन २०१७ चा, दुसरा २०२५ ते २९ चा, पण दुकानात जाऊन रजिस्टर बघणार राज्याची एफडीए (अन्न व औषध प्रशासन), आणि बघितलंच नाही तर नियम पाळणाऱ्याचाच गल्ला रिकामा! केरळने २०१८ लाच स्वतःचा प्लॅन केला आणि २०२४ ला ऑपरेशन अमृत म्हणून बिनचिठ्ठी विकणाऱ्या दुकानांवर धाडी घातल्या, आपल्याकडे तसं काही व्हायला काय हरकत आहे. त्यात अझिथ्रोमायसिन हे दुसरं अँटिबायोटिक एच वनच्या यादीतच नाही, साध्या शेड्यूल एचमध्ये, चिठ्ठी लागते पण ते रजिस्टर नाही. कोविडात लोकांनी ते चण्याफुटाण्यासारखं खाल्लं. अर्थात डॉक्टरची फी ४०० आणि गोळ्या शंभरच्या, तर माणूस चौकातच जाणार, मी पण गेलोच ना.

एक स्टार कापला कारण रविवारी दुपारनंतर बंद असतं आणि होम डिलिव्हरी नाही. बाकी इन्सुलिन फ्रीजमधूनच काढून देतात, बर्फाची पिशवी पण मिळते.